कोकणातल्या पावसात टिकणारा जिओकॅशचा डबा कोणता घ्यावा, आणि जांभ्याच्या गडग्यापाशी तो लपवावा कसा?

अनघा_पुणे

नमस्कार. आम्ही राहतो पुण्यात, सासर राजापूर तालुक्यातलं. घरामागे सडा, म्हणजे कातळाचं पठार, सड्यावरून देवळाकडे उतरणारी जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, आणि पाखाडीला लागून आमच्याच कलमांच्या बागेचा गडगा, दगड रचून केलेलं कुंपण. त्या गडग्यात एक जिओकॅश ठेवायची असं मुलांनी ठरवलंय, म्हणजे अनोळखी लोकांनी जीपीएसवरच्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढायचा आणि आतल्या कागदावर सही करायचा लपवलेला डबा. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. सही करायच्या कागदाची नुसती नळी त्यांना नकोय. डबा उघडल्यावर आत काहीतरी मिळालं पाहिजे, छोट्या वस्तूंची अदलाबदल करता आली पाहिजे, असा दोघांचा हट्ट आहे. जागा आमची, दीर बारा महिने गावात असतात, त्यामुळे परवानगी आणि देखभाल या दोन्ही बाजू सुटल्यासारख्या आहेत.

प्रश्न पावसाचा. आमच्याकडे जूनमध्ये एकदा सुरू झाला की गणपतीपर्यंत कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी धरते. अशा हवेत उघड्यावर ठेवलेला डबा आतून कोरडा राहतो का? नेटवर बघावं तर जो तो दारूगोळ्याच्या लष्करी पेट्या घ्या म्हणतो. त्या इथे कुठून आणायच्या? दिरांनी फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा सुचवलाय. मुलाला पीव्हीसी पाइपचा तुकडा दोन्हीकडून टोप्या लावून वापरायचाय. लपवण्यासाठी मुलीने हिरव्या रंगाचा स्प्रे आणून ठेवलाय. यातलं काय चालेल, काय नाही?

माधवी_देवरुख

अनघा, पाइप आणि स्टीलचा डबा दोन्ही बाद करा, पण वेगवेगळ्या कारणांसाठी.

दोन्ही टोकं बंद केलेला पाइप परक्या माणसाला दिसला तर त्याच्या मनात काय येईल, हे मी लिहायला नको. इंग्लंडात वेदरबी नावाच्या गावात २०११ साली एका कॅफेबाहेर लपवलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या डब्यावरून संशय आला, रस्ता मोकळा केला आणि लष्कराच्या बॉम्बपथकाने तो डबा उडवून दिला. ती जिओकॅश निघाली. आपण तर स्टेशनवर ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ऐकत वाढलेली माणसं. तेव्हा लष्करी पेटीही नको, ती मिळाली तरी नको. डबा आरपार दिसणारा घ्या, म्हणजे आत मणी, शिंपले आणि वही आहे हे न उघडता कळतं. झाकणावर आतल्या बाजूने मराठीत स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लावा: हा जिओकॅशिंग नावाच्या खेळाचा डबा आहे, धोकादायक काही नाही, जागेच्या मालकांना माहीत आहे, आणि खाली कॅशचा क्रमांक. देवळात येणाऱ्या चार घरांना आणि गुरवांना दिरांनी तोंडी सांगून ठेवलं तर फारच उत्तम.

स्टीलच्या डब्याला रबर नसतं. डाळ-तांदळात किडामुंगी जाऊ नये एवढंच त्या आट्यांचं काम. पागोळीचं पाणी त्या आट्यांमधून हळूहळू वर चढतं आणि मग बाहेर पडायला त्याला वाट राहत नाही. जुन्या फिल्मच्या डब्या वापरणारेही भेटतील, त्यांचीही तीच गत.

चारी बाजूंनी क्लिपा आणि झाकणाच्या खाचेत सिलिकॉनचं रबर असलेला स्वयंपाकघरातला डबा घ्या, अर्धा ते पाऊण लिटरचा. १०० मिलिलिटरपासून एक लिटरपर्यंतची कॅश ‘स्मॉल’ आकारात मोडते आणि अदलाबदलीच्या वस्तूंना तेवढी जागा पुरते. दुकानातच काडीने रबर उचकटून बघा. ते अख्खं वर्तुळ असावं, कुठे जोड नसावा, परत बसवल्यावर खाचेत सरळ बसावं. क्लिपेच्या बिजागरीशी प्लॅस्टिक वाकवून पांढरी रेघ उठली तर तो डबा परत ठेवा. उन्हाने पहिली तुटते ती तिथेच.

आता पाणी आत जातं कसं, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. जूनच्या सुरुवातीला, उघडीप असताना, सड्यावर उन्हात पडलेला बंद डबा ५० अंशांपर्यंत सहज तापतो. मग ढग फुटतो आणि काही मिनिटांत तो २५ अंशांवर येतो. आतल्या हवेचा दाब त्यामुळे साधारण आठ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे डबा पाऊण मीटर खोल पाण्यात धरावा, तेवढ्या जोराने बाहेरचं पाणी रबरापाशी आत खेचलं जातं. झाकणाच्या खाचेत तेव्हा पाणी साचलेलं असेल तर थेंब आत गेलाच. म्हणून डबा सावलीत हवा आणि झाकणाशी पाणी साठता कामा नये. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, तेव्हा गडग्याची पूर्वेची किंवा ईशान्येची बाजू धरा.

एवढं करूनही पाणी शिरण्याचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच असतं. शेवटच्या माणसाने डबा बंद करताना रबरावर राहिलेली वस्तू. गवताची काडी, वाळूचा कण, आणि बहुतेक वेळा आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं बाहेर आलेलं टोक. तेवढ्या फटीतून रात्रभरात डबा भरतो. चांगलं रबर असलेल्या डब्यात मग ते पाणी महिनोन्महिने तसंच राहतं. म्हणून माझा आग्रह आहे की आत झिपची पिशवी ठेवूच नका. वही ओली होऊ नये म्हणून डब्यात दुसरी छोटी, घट्ट झाकणाची बाटली किंवा नळी ठेवा आणि नोंदीचा कागद त्यात घाला. मोठ्या डब्यात पाणी आलं तर खेळणी ओली होतील, पुसता येतील. नोंदी मात्र वाचल्या पाहिजेत. लोकांनी कुठून कुठून येऊन केलेल्या सह्या असतात त्या.

ठेवण्याआधी तपासा. एका टिश्यू पेपरवर मुलाच्या स्केचपेनने, धुतलं की जाणाऱ्या, बारीक बारीक रेघा काढा. तो कागद डब्यात पसरा, क्लिपा लावा, डबा दुपारभर उन्हात तापू द्या आणि तसाच गरम असताना गार पाण्याच्या बादलीत दगडाखाली दाबून रात्रभर ठेवा. सकाळी डबा बाहेरून पुसून मगच उघडायचा. एक थेंब जरी गेला असेल तर त्या ठिकाणी रेघ फुटून शाईचं निळं वर्तुळ झालेलं दिसतं आणि गळती कोणत्या कोपऱ्याला आहे तेही कळतं. नुसतं बोट फिरवून ओलावा कळत नाही. नुसतं गार पाण्यात बुडवून ठेवण्यालाही अर्थ नाही, तापवून बुडवलं तरच वरचा दाबाचा खेळ होतो.

कागदासाठी डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात नॉन-टेअरेबल शीट मागा. आधी त्यावर पेन्सिल उमटते का ते बघून घ्या, सगळ्यांवर उमटत नाही. आणि सोबत पेन्सिलच ठेवा. जेल पेन दमट हवेत फुटतं, बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही. सिलिका जेलची पुडी टाकली तरी तिच्यावर भिस्त ठेवू नका. पावसाळ्यात डबा दोन-तीनदा उघडला की ती भरली.

आता लपवणं. हिरवा स्प्रे राहू द्या. सडा हिरवा असतो तो जून ते सप्टेंबर. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि शिमग्याला बघाल तर काळा-तांबडा कातळ आणि जळकी खुरटी, त्यात तो हिरवा डबा लांबून ओळखू येईल. शिवाय या डब्यांच्या प्लॅस्टिकवर, पॉलिप्रॉपिलीनवर, रंग धरत नाही. पहिल्या पावसात पोपडे सुटतात आणि ते नेमके रबराच्या खाचेत जाऊन बसतात. डबा आहे तसा ठेवा आणि त्याच्यावर खरा दगड घाला.

चिऱ्याच्या खाणीवर तुटके, विकायला न चालणारे तुकडे पडलेले असतात. जांभा खाणीतून ताजा काढलेला असताना मऊ असतो, वारा लागला की कडक होत जातो. म्हणून ताजा तुकडा घेऊन गावातल्या चिरे तासणाऱ्याकडून तो खालून पोकळ करून घ्या, डबा आत बसेल एवढा. अख्खा चिरा नको, मुलांना उचलता येणार नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ताजा जांभा विटेसारखा लाल दिसतो आणि जुना गडगा मुळीच लाल नसतो. तो काळपट, राखाडी, दगडफुलाचे पांढरे डाग असलेला असतो. नवा तुकडा त्याच्या शेजारी ठेवलात तर सगळ्यात आधी तोच दिसेल. तासलेला तुकडा एक पावसाळा अंगणात पागोळीखाली ठेवा, काळा पडतो. शेवाळ यावं म्हणून ताक फासायचा उपाय कोणी सुचवेल, त्याच्या नादी लागू नका, मुंग्या येतील. कोकणात शेवाळाला आमंत्रण लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कॅश गडग्याच्या आत नको. गडगा सुका रचलेला असतो, त्यात माती-चुना काही नाही. शोधणारा माणूस एक दगड काढून बघतो, मग दुसरा, आणि चार जण येऊन गेले की गडगा बसायला लागतो. बेड्याच्या, म्हणजे आत जायच्या वाटेच्या, बाजूला, गडगा संपतो तिथे, जमिनीवर हा एकटा दगड ठेवा. खाली तीन चपटे दगड लावून त्यावर डबा, म्हणजे पाणी खालून वाहून जाईल. आणि कॅशच्या वर्णनात ठळक लिहा की गडग्याचा एकही दगड हलवायचा नाही, कॅश गडग्यात नाही.

खणून पुरायचंही नाही. या खेळातली पहिली कॅश ३ मे २००० रोजी अमेरिकेत ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी ठेवली, ती काळी बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती. आदल्याच दिवशी अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली होती. पण आजच्या नियमांत जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन उकरता येत नाही. तुमची जागा असली तरी सड्यावर मातीचा थर कितीसा, खड्डा म्हणजे पाण्याचं डबकंच.

एक धोका सांगायलाच हवा. फुरसं, हा विषारी साप. रत्नागिरी जिल्ह्यात ते दगडाखालीच असतं आणि रंगाने जांभ्याच्या मातीत मिसळून जातं. पोकळ दगड म्हणजे त्याला आयतं घर. दगडाची पोकळी डब्याने जवळजवळ भरेल इतकीच ठेवा. वर्णनात लिहा की आधी काठीने ठोका, आणि दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे कलवा, म्हणजे उघडी बाजू आपल्यापासून लांब राहते आणि दगड मध्ये येतो. बोटं फटीत घालायची नाहीत. मुलांना हे पाठ करून घ्या.

निखिल_श्टुटगार्ट

माधवीताईंनी आतली नळी म्हटलंय, त्याला इकडे ‘पेटलिंग’ म्हणतात. कोल्ड्रिंकच्या बाटल्या फुगवण्याआधी त्यांचा जो जाड नळीसारखा कच्चा तुकडा असतो, तो, झाकणासकट. जर्मनीत कॅशेस लाखांच्या घरात आहेत आणि त्यातल्या कितीतरी अशाच नळ्यांत असतात. इथे थंडीत साध्या डब्यांची प्लॅस्टिकं कडकडून तडकतात, पेटलिंग टिकतं. पुण्यात शोधून पहा.

आणखी एक सुचवतो. राजापूर भागात कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही गेली. तुमच्या सड्याजवळ कुठे असतील तर मुलांना मल्टी-कॅश, म्हणजे टप्प्याटप्प्याने शोधायची कॅश, करता येईल.

भोसरी_मोल्डिंग

मी या धंद्यात आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. निखिल म्हणतात त्याला आम्ही प्रीफॉर्म म्हणतो. पाण्याच्या बाटल्या भरणारे छोटे कारखाने बहुतेक गावांत आहेत, तिथे विनंती केलीत तर चार-पाच प्रीफॉर्म कोणीही देईल. पण पाण्याच्या बाटलीचा घेऊ नका. त्याचं झाकण हलकं असतं, वजन वाचवायला केलेलं. सोड्याच्या बाटलीचा मागा. ज्या झाकणाने आतला गॅस महिनोन्महिने धरून ठेवायचा असतो, त्याच्यातून बाहेरचं पाणी आत येत नाही.

दुसरं, तोंडाचा व्यास २८ मिलिमीटर म्हटला तरी मानेचे दोन प्रकार चालतात, उंच जुनी आणि आखूड नवी. आटे वेगळे आहेत. एकाचं झाकण दुसऱ्यावर फिरतं, बसल्यासारखं वाटतं, पण तळाला सील होत नाही. म्हणून झाकण आणि प्रीफॉर्म एकाच ठिकाणाहून, एकाच जोडीचे घ्या. आतलं तोंड साधारण बोट जाईल एवढंच असतं, कागद लांब पट्टीत कापून गुंडाळा आणि टोकाला दोऱ्याची शेपटी ठेवा, नाहीतर बाहेर काढताना फाटतो.

प्रीफॉर्म बाहेर वेगळा लपवायचा झाला तर त्यावर इपॉक्सी धरतो. आधी पॉलिश पेपरने चांगला खरवडा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे. मग दोन ट्यूबांचा गोंद लावून जिथे ठेवणार तिथलीच माती चाळून वर दाबा. वाळल्यावर ब्रशने झटका आणि दुसरा हात द्या. मानेच्या खाली एक बोट जागा कोरी सोडा, आट्यांवर कण गेला तर सगळं फुकट.

अनघा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांना फोन केला. खाणीवरचा तुकडा ते या आठवड्यात आणतायत आणि फुरशाचं ऐकून त्यांनी ‘बरोबर सांगितलं बाईंनी’ म्हटलं. कातळशिल्प आमच्यापासून थोड्या अंतरावर आहे, जिल्ह्याच्या यादीतलं नाही, पण गावाला माहीत आहे. मुलगी तर लगेच तिथेच डबा ठेवू म्हणायला लागली. दोन शंका. तिथे ठेवावा का? आणि आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत माकडं आणि वानर खूप, ते डबा पळवणार नाहीत?

माधवी_देवरुख

कातळशिल्पापाशी डबा नको, आणि प्रीफॉर्मही नको. यादीत असो वा नसो. ही चित्रं उघड्या कातळावर कोरलेली आहेत, वर्षानुवर्षं गुरांच्या पायाखाली, पावसाखाली राहिली आहेत, आणि माणसांच्या चालण्यानेही त्यांचं नुकसान होतं. तिथे डबा असला की लोक कातळावर फिरून फिरून शोधणार, सैल खडा दिसला की उलटणार. निखिल म्हणतात तशी मल्टी-कॅश मात्र सुंदर होईल. पहिला टप्पा म्हणून लोकांना कातळशिल्पाच्या कडेला आणा, वस्तू काही ठेवू नका. लांबूनच मोजता येईल असा प्रश्न विचारा, समजा चित्रात किती मासे आहेत, किंवा माणसाच्या आकृतीच्या शेजारी कोणता प्राणी आहे. त्या उत्तरावरून शेवटच्या डब्याचे अक्षांश-रेखांश निघतील. चित्रावर पाय ठेवायचा नाही, खडूने रेषा भरायच्या नाहीत, पाणी ओतायचं नाही, हे वर्णनात पहिल्या ओळीत. आणि ती जागा ज्या कुटुंबाची असेल त्यांना आधी विचारा, गावाला माहीत असणं म्हणजे परवानगी नव्हे. दोन वेगवेगळ्या कॅशेसच्या डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, तुमच्या गावात दुसरी कॅश असण्याची शक्यता कमी, तरी नकाशावर बघून घ्या.

माकडांचं म्हणाल तर त्यांना वास आणि चमक दोन्ही ओढतात. खाण्याचं काही ठेवायचं नाही हा तसाही नियमच आहे, पण मुलांच्या वस्तूंत सुगंधी खोडरबर, लिप बाम, चॉकलेटचा वास राहिलेला डबा असलं काही येतं. ते काढून टाकत जा. डबाही नवा घ्या, मसाल्याचा किंवा लोणच्याचा धुतलेला नको, प्लॅस्टिकमधला वास साबणाने जात नाही. दगडाखाली डबा पूर्ण झाकलेला असला तर वानर सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

दिरांसाठी काम एवढंच: मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी पडून गेल्या की एकदा उघडून बघायचं, रबर कोरड्या फडक्याने पुसायचं, खाचेतली माती काडीने काढायची. मग नारळीपौर्णिमेच्या सुमाराला एकदा आणि पाऊस उलगडल्यावर एकदा. रबराला व्हॅसलीन लावू नका, त्याने काही रबरं फुगून सैल होतात. सिलिकॉन ग्रीसही नको, सिलिकॉनचं रबर त्याने फुगतं. जादा रबर जवळ असावं म्हणून त्याच आकाराचे दोन डबे आत्ताच घेऊन ठेवा, दुकानात पुढच्या वर्षी तोच डबा मिळेलच असं नाही.

ठेवण्याची वेळ म्हणाल तर दगड पागोळीखाली काळा होऊ द्या आणि यंदाचा पाऊस संपला की ठेवा. तोवर अक्षांश-रेखांश वेगवेगळ्या दिवशी घेऊन त्यांची सरासरी काढायचं काम मुलीला द्या. कलमांच्या गर्द सावलीत फोन पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि गडग्यापाशी तेवढ्या चुकीने लोक नको तिथले दगड हलवायला लागतील.